ख आणि ग यांच्यामधला ठिपका

१

चिमणीचा दुधाचा पेला रिकामा होईपर्यंत रोज सकाळी आमच्या घरात एक खेळ चालतो. समोरासमोर बसायचं, एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं, जिची पापणी आधी लवेल ती हरली. चिमणी म्हणजे माझी मुलगी. सहावीत आहे, आणि हरली की आईने लबाडी केली असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात सांगते. लबाडी वगैरे काही नाही. पापणी न लववता बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

मी वेधशाळेच्या काचखोलीत काम करते. पूर्वी दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काचेवर घेत. अशा हजारो काचा आमच्याकडे कागदी पाकिटांत उभ्या ठेवलेल्या आहेत. फोटो उलटे, म्हणजे आकाश पांढरं आणि तारे काळे. जो तारा जास्त तेजस्वी, त्याचा ठिपका जास्त काळा आणि मोठा. काच उजेडाच्या टेबलावर ठेवायची, उजवा डोळा भिंगाच्या नळीला लावायचा, डावा उघडाच ठेवायचा, आणि आपला ठिपका शेजारच्या कुठल्या दोन ताऱ्यांच्या मध्ये बसतो ते ठरवायचं. शेजाऱ्यांना अक्षरं दिलेली असतात. क सगळ्यांत तेजस्वी, मग ख, ग, घ. ठिपका ख पेक्षा तीन पायऱ्या फिका असेल आणि ग पेक्षा गडद, तर पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहायचं, ‘ख ३ ग’, आणि सही. एकच नियम कडक आहे. स्वतःचा आकडा वहीत उतरवल्याशिवाय पाकीट उलटायचं नाही, नाहीतर जुना आकडा डोक्यात बसतो आणि डोळा त्याचंच ऐकायला लागतो.

यादीतला एकशे सतरा नंबर म्हणजे एका दूरच्या दीर्घिकेचा गाभा. तिथे एक अजस्र कृष्णविवर आजूबाजूचा वायू गिळत बसलंय, आणि गिळताना जो लखलखाट होतो तो कधी वाढतो, कधी मंदावतो. का, ते नीट कुणालाच माहीत नाही, म्हणून मोजत राहायचं. तो प्रकाश तिकडून निघाला तेव्हा पृथ्वीवर डोळा नावाची वस्तूच नव्हती. त्याच्या दोनशे बारा काचा आहेत, ऐंशी वर्षांत घेतलेल्या. माझ्या आधी एकतीस वर्षं माझी आत्या त्याच खुर्चीत बसून त्या मोजायची. तिचा उजवा डोळा गेला म्हणून ती लवकर निवृत्त झाली. साखरेने गेला, असं सगळे म्हणायचे. आत्याला साखरेचा त्रास कधीच नव्हता.

२

यादीतले बाकीचे नंबर संपवून मी एकशे सतराला हात घातला त्याला सहा महिने झाले होते. गडबड एका मंगळवारी लक्षात आली. पन्नास वर्षांपूर्वीची काच, निरभ्र रात्रीची, स्वच्छ. मी मोजलं, वहीत लिहिलं, ‘ख १ ग’. पाकीट उलटलं. आत्याच्या टपोऱ्या अक्षरात ‘ख ३ ग’.

एका पायरीचा फरक कुणातही पडतो. दोन पायऱ्यांचा आत्यात आणि माझ्यात पडत नाही, कारण मला तिनेच शिकवलंय. दुसरी काच काढली. पुन्हा दोन पायऱ्या. तिसरी, चौथी, तसंच. त्याच काचांवरचे दुसरे पन्नासेक तारे मोजले, ते सगळे आत्याशी तंतोतंत जुळले. फक्त एकशे सतरा तिच्यापेक्षा माझ्या डोळ्यांना जास्त काळा दिसत होता.

आकाशातला गाभा हवा तितका बदलू दे, तो त्याचा स्वभाव आहे. पण पन्नास वर्षांपूर्वी काचेवर उमटलेला ठिपका काल धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखा आज वेगळा दिसत नसतो. माझंच चुकत असणार, असं म्हणून मी खिडकी उघडली, डोळ्यांवर पाणी मारलं आणि चहा प्यायले.

३

शुक्रवारी तीच काच पुन्हा घेतली. ठिपका ख च्या बरोबरीचा झाला होता.

मी हट्टी आहे, पण भाबडी नाही. टेबलाचा दिवा बदलला. भिंग पुसलं. काच फिरवून उलटी लावली. मग मागच्या कपाटातून एकशे सतराचंच एक पाकीट काढलं, ज्याची चिकटपट्टी कधीच कुणी सोडवली नव्हती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ठिपका लहानसा होता, ग पेक्षाही फिका. दहा मिनिटं बघत बसले. शेवटी तो ग च्या पुढे सरकला होता. मी बघत असताना तो वाढताना दिसला नाही, एवढं खरं. पण प्रत्येक वेळी नजर क्षणभर हलवून परत आणली की तो आधीपेक्षा थोडा भरलेला असायचा.

मंगळवारच्या पहिल्या काचेची तीस वर्षांपूर्वी कागदावर काढलेली एक छापील प्रत सापडली, तेव्हापासून बंद पाकिटातच पडलेली. काच आणि कागद शेजारी ठेवले. कागदावरचा ठिपका मोहरीएवढा होता आणि काचेवरचा मिऱ्याएवढा. बाकीचं आकाश दोन्हीकडे हुबेहूब एकच. भरदुपारी, खोलीत लख्ख उजेड असताना, मी खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढली.

४

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी दर सहा महिन्यांनी जाते, आमच्या नोकरीत ते सक्तीचं आहे. त्यांनी उजव्या डोळ्याने तक्ता वाचायला लावला. मी वरून चौथ्या ओळीत अडकले.

“सहा महिन्यांपूर्वी तुम्ही शेवटची ओळ वाचली होती,” त्या म्हणाल्या. त्यांनी बुबुळ बघितलं, पडदा बघितला, डोळ्यातला दाब मोजला. “आत सगळं ठणठणीत आहे. असं व्हायला काही कारणच नाही.”

“काही दिसतंय का मध्ये? ठिपका वगैरे?”

“तुम्हाला दिसतोय?”

दिसत होता. पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की उजव्या डोळ्यात मधोमध एक बारीक, पांढऱ्याहून पांढरा ठिपका. मी नाही म्हणाले. घरी येऊन वहीत दोन रकाने आखले. एकीकडे सहा महिन्यांतल्या ठिपक्याच्या पायऱ्या, दुसरीकडे डॉक्टरीणबाईंकडे तेव्हा आणि आज वाचलेल्या ओळी. तिकडे वाढ, इकडे घट. मोजायचं काम करणाऱ्या बाईने ते दोन रकाने शेजारी ठेवल्यावर आणखी काय विचारायचं?

५

साहेब आमच्या विभागाचे प्रमुख. माणूस भला, पण नवीन कल्पना सुचली की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. त्यांनी मला बोलावून घेतलं तेव्हा ते खुशीत होते.

“सोमवारी स्कॅनर येतोय. पहिला मान एकशे सतराला. त्याचं चित्र आपण शाळांना पाठवणार. हजारो मुलं घरबसल्या ठिपका मोजतील. मुलांचे डोळे कसे ताजे असतात.”

“कुठल्या शाळा?”

“सुरुवात तुमच्या चिमणीच्या शाळेपासून. म्हटलं, तुम्हाला आवडेल.”

मी म्हटलं की एकशे सतरा बरोबर नाही, दुसरं काहीही पाठवा. का, ते विचारल्यावर मी छापील प्रत आणि काच दाखवली. साहेबांनी दोन्हीकडे बघितलं आणि प्रत काढणाऱ्याने हात आखडता घेतला असणार, असं म्हणाले. मग मायेने म्हणाले, “तुम्ही थकला आहात. थोडी सुट्टी घ्या.”

“आणि ऐन वेळी ठिपका दिसलाच नाही तर?” मी विचारलं.

“ठिपका दिसला नाही तर काय दाखवणार? पण तो तर चांगला ठसठशीत आहे.”

काचा फोडून टाकाव्यात, असं मनात आलंच. पण दोनशे बारा काचा फोडणारी बाई दारातच पकडली जाते, आणि आकाशाचे फोटो काढणारी आमची वेधशाळा काही एकटी नाही. शिवाय मला राग आला होता. माझा डोळा खाल्लास, आता माझ्या लेकीवर नजर? मी घर सोडून पळणाऱ्यांतली नाही. सोमवारला आठ दिवस होते.

६

आत्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती मला लहानपणापासून घुबड म्हणते, कारण मी बघायला लागले की पापणी हलत नाही. मी वही तिच्या हातात दिली. तिने डावा डोळा जवळ नेऊन दोन्ही रकाने वाचले आणि चिमटे ठेवून खाली बसली.

“तुला कधी कळलं?” ती म्हणाली.

“मला महिना झाला. तुला?”

“पाचव्या वर्षी.” तिने चिमटे गोळा करायला घेतले. “मला वाटलं, माझा डोळा बिघडलाय. माझ्या आधीच्या मोजणीदाराने ख तीन ग लिहिलेलं, आणि मला दिसतंय ख एक ग. तो एवढा जाणता माणूस. मी कालची पोर. म्हणून मी आधी पाकीट उलटायला लागले. त्याचा आकडा बघायचा आणि तोच लिहायचा.”

“सव्वीस वर्षं?”

“सव्वीस वर्षं.”

एवढंच विचारायचं होतं आणि विचारल्यावर मला तिची कीव आली नाही, संताप आला. तिने एकदाही खरा आकडा लिहिला असता तर मी त्या खुर्चीत बसलेच नसते. मी ते तिला तोंडावर सांगितलं.

“तो माझ्या आधीचा शेवटी काळा चष्मा लावून यायचा,” ती म्हणाली. “त्यानेही त्याच्या आधीच्याचा आकडा उतरवला असेल. आम्ही सगळे एकमेकांना मान देत बसलो, घुबडे.”

“तुला त्या डोळ्याने काहीच दिसत नाही?”

“एकच दिसतं. तो ठिपका. झोपेतसुद्धा असतो.” तिने मान वर केली. “आणि एक सांगू? इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे कधी नीट बघितलं नाही. समोर आला की मी तोंड फिरवायचे.”

“मग आता बघ,” मी म्हटलं.

७

आमच्याकडे शिकाऊ माणसासाठी एक जुनं यंत्र आहे. काच एक, पण बघायच्या नळ्या दोन. दोघांना एकाच वेळी एकच ठिपका दिसतो. आत्याने मला त्यावरच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मदतनीस म्हणून आत नेलं. तिने पदराने डावा डोळा झाकला आणि आंधळा उजवा डोळा नळीला लावला.

“आहे,” ती म्हणाली. “केवढा फुगलाय मेला.”

“बघत राहा.”

ती दोन मिनिटं बघत राहिली. तिच्या डोळ्यात पाणी आलं, पापणी लवली, ती मागे झाली. मी दुसऱ्या नळीतून माझ्या डाव्या डोळ्याने पटकन मोजलं. ठिपका एका पायरीने उतरला होता, आणि मी बघत असतानाच परत चढला. दुसऱ्या पाकिटातली काच लावून बघितली. तिच्यावरही तेच.

ज्या डोळ्यातून घेण्यासारखं काही उरलेलं नाही, त्या डोळ्याने बघितलं की त्याला देणं लागतं, असा माझा कयास. कयासच म्हणते, कारण सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. एवढं मात्र दिवसभर करून पक्कं झालं की आत्याची पापणी लवली की तो सावरतो. एक डोळा पुरणार नव्हता. एकीची पापणी लवताना दुसरीने धरून ठेवायला हवं होतं. आणि माझ्या उजव्या डोळ्यात अजून तीन ओळी शिल्लक होत्या.

आत्याला माझा बेत चेहऱ्यावरूनच कळला. “अजिबात नाही,” ती म्हणाली.

“चिमणीच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, आत्या. दर मुलाचे दोन डोळे.”

पुढचे तीन दिवस मी रोज सकाळी दहापासून पाचपर्यंत उजव्या डोळ्याने एकशे सतराकडे टक लावून बसले. भ्यायले होते, हे लपवत नाही. पहिल्या दिवशी कडेचे तारे गेले. दुसऱ्या दिवशी क आणि ख गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी काचेवरचं आकाश गेलं, टेबलाचा उजेड गेला, आणि नुसत्या अंधारात तो राहिला. काचेवर तो काळा असतो. माझ्या डोळ्यात पांढरा होता. मी डावा डोळा उघडून घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि डबा धुऊन घरी गेले.

८

शनिवारी सुट्टी असते. पहारेकऱ्याला सांगितलं, राहिलेलं काम संपवायचंय. सकाळचे नऊ वाजले होते. बाहेर माळी गवत कापत होता, त्याच्या यंत्राची घरघर काचेतून ऐकू येत होती. आम्ही दोघी दोन नळ्यांना उजवे डोळे लावून बसलो, डावे डोळे पट्टीने बांधलेले.

“माझी लवायला आली की चिमटा काढते,” आत्या म्हणाली.

“काढ.”

पहिला तास नुसता चिमट्यांचा गेला. दंडाला काळंनिळं व्हायची वेळ आली. ठिपका थोडा उतरायचा, थोडा चढायचा. मग माळ्याची घरघर थांबली. तो जेवायला गेला असेल असं मी मनाशी म्हटलं, पण सकाळी दहाला कोण जेवतं? मग पहारेकऱ्याचा रेडिओ थांबला. मग आत्याचा श्वास मला ऐकू येईनासा झाला, तिचं कोपर माझ्या कोपराला टेकलेलं असूनही.

अंधारात तो ठिपका जवळ आला नाही. उलट त्याच्याभोवतीचा अंधार मागे गेला, आणि मला कळलं की मी इतके दिवस फक्त एका डोळ्याच्या बाहुलीतली चमक बघत होते. बाकीचं तिच्याभोवती होतं. ते किती मोठं होतं ते मी सांगणार नाही, कारण मी शेजारी कुणाला धरून ते मोजू? तिथे शेजारी कुणीच नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी ओळखली. वीस वर्षं मी तेच करत आलेय, त्यामुळे चुकणार नाही. ते माझ्याकडून आत्याकडे आणि आत्याकडून माझ्याकडे नजर फिरवत होतं, सावकाश, घाई न करता. आम्ही दोघी त्याच्या शेजारच्या तारका होतो. आमच्या मध्ये कुणीतरी तिसरं कुठे बसतं, ते ठरवणं चाललं होतं. तिसरं कोण ते मला माहीत होतं. ती त्या वेळी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती.

तेवढ्याने माझी भीती गेली. शपथेवर सांगते, पार गेली. उरला तो निव्वळ राग. बघ म्हटलं, हवं तितकं बघ. अंदाज घे. आम्ही दोघी तुझ्यासाठी रिकाम्या आहोत, आणि तुझ्याजवळ जे आहे ते आमचं आहे. माझा डोळा चुरचुरत होता, गालावरून पाणी गळ्यापर्यंत गेलं होतं, पण पापणी जागची हलली नाही. आत्याने चिमटा काढला नाही. मीही काढला नाही. गरजच राहिली नव्हती.

किती वेळ गेला ते वहीत नाही. अंधाराच्या वरच्या कडेला काहीतरी हललं. एक जाड कड खाली यायला लागली, खूप जुनी, सवय मोडलेली. तिने तो पांढरा ठिपका अर्धा झाकला. मग पूर्ण.

“लवली,” आत्या म्हणाली.

बाहेर गवत कापायचं यंत्र पुन्हा सुरू झालं. मी पट्टी सोडून डाव्या डोळ्याने काच बघितली. ख होता, ग होता, मध्ये स्वच्छ काच होती. पाकिटामागे, त्या सगळ्या खोट्या आकड्यांखाली, मी तारीख घातली आणि लिहिलं, ‘दिसत नाही’. आम्ही दोघींनी सह्या केल्या. सव्वीस वर्षं दुसऱ्याचे आकडे उतरवल्यावर त्या पाकिटांवर तिने खरं लिहिलेलं ते पहिलंच.

९

सोमवारी स्कॅनर आला. साहेबांनी एकामागून एक अकरा काचा लावल्या, डोकं खाजवलं, जुन्या मोजणीदारांना डाग मोजायची खोड होती असं म्हणाले आणि एकशे सतराला यादीतून काढून टाकलं. शाळांना एका धूमकेतूचं चित्र गेलं. चिमणीला ते आवडलं.

मी रोज सकाळी आत्याला फोन करते. बोलणं ठरलेलं.

“आहे?”

“मिटलेला आहे.”

“हललं काही?”

“बिशाद आहे,” आत्या म्हणते.

हलतं कधीकधी. ती जाड कड मधूनच थरथरते, खालच्या बाजूने पांढरी रेघ दिसायला लागते. त्या वेळी मी हातातलं काम ठेवते आणि उजव्या डोळ्याने तिच्याकडे बघते. रेघ जाते. आत्ताही लिहिता लिहिता एकदा गेली.

काल चिमणी खेळता खेळता थांबली. पेला तोंडाशी तसाच.

“आई, तुझा उजवा डोळा मिटतच नाही. काल झोपलेली होतीस तेव्हापण उघडा होता. मी पाहिला.”

“हो,” मी म्हटलं. “तू डाव्याशी खेळ. उजवा कामावर आहे.”